आरडी ३५०चे दोन कार्बोरेटर घरी सिंक करायचे आहेत, लेव्हलच्या नळीने जमेल का?

गंगापूर_रोड_३५०

नमस्कार मंडळी. मामांची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०, माझ्याकडे आली आहे. १९८६ची, लो टॉर्क, म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल. बरीच वर्षं पंचवटीतल्या त्यांच्या वाड्यात ताडपत्रीखाली उभी होती. टाकी साफ केली, टायर, बॅटरी, क्लच प्लेटा सगळं झालं. गाडी चालू होते, आणि चार हजारांच्या वर गेली की काय सांगू! दुखणं सगळं खालच्या रेंजमध्ये आहे.

स्लोला उभीच राहत नाही. सिग्नलला अॅक्सिलरेटर जरा पिळून धरावा लागतो, सोडला की बंद. दोन ते तीन हजारांत गचके देते, त्यामुळे संध्याकाळी कॉलेज रोडने जाणं नको वाटतं. डावा प्लग काळाकुट्ट, उजवा पांढरट. एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने कानाने ऐकून दोन्हीकडचे स्क्रू फिरवले आणि ‘सिंक झालं’ म्हणून पैसे घेतले. घरी येईस्तोवर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता सिंक, म्हणजे दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडतील असं जुळवणं, स्वतःच करायचं ठरवलंय. व्हिडिओत पाहिलं की गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बसवायची, आत ऑइल भरायचं आणि दोन टोकं दोन कार्बोरेटरना लावायची. रविवार कारंजावरून नळी घेऊन आलो. पण टोकं लावायची कुठे तेच कळेना. माझ्याकडे पाने, फिलर गेज, ड्रिल बिटचा डबा आणि मल्टिमीटर आहे. व्हॅक्यूम गेज नाहीत, आणि एवढ्यासाठी घ्यायचीही नाहीत. इंजिनात टू स्ट्रोक ऑइल सोडणारा ऑइल पंप मूळचाच आहे, काढलेला नाही. एअर स्क्रू किती फेरे ठेवायचा तेही सांगा.


इंदिरानगर_ट्विन

भाऊ, नळीची युक्ती मी माझ्या निन्जा २५० आरवर वापरतो. आपल्याकडे २००९ला आली ती, दोन केहिन कार्बोरेटरवाली. झकास चालते. पण ती फोर स्ट्रोक आहे, तुझ्या टू स्ट्रोकचं मला ठामपणे सांगता येणार नाही. सातपूरचे काका येतील, ते सांगतील. तोपर्यंत नळीबद्दल लिहून ठेवतो, कुणा फोर स्ट्रोकवाल्याच्या कामी येईल.

नळीत टू स्ट्रोक ऑइल भरायचं. चुकून इंजिनात ओढलं गेलं तर धूर होऊन जळून जातं. पारा वगैरे उद्योग करू नका, विषारी आहे. दोन्ही टोकं दोन्ही सिलिंडरच्या व्हॅक्यूम निपलला, आणि ती इंजिन चालू करायच्या आधीच घट्ट बसलेली हवीत. एक टोक सुटलं तर दुसऱ्या बाजूचा सिलिंडर सगळं ऑइल एका झटक्यात पिऊन टाकतो. त्यासाठी मी दोन्ही बाजूंना मध्ये एकेक छोटी बाटली ठेवली आहे, ऑइल आलंच तर तिच्यात पडतं.

इंजिन गरम करून स्लोला ठेवलं की ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला ऑइल चढतं. दोन कार्बोरेटरच्या मधे सिंकचा एकच स्क्रू असतो, तो अगदी थोडा थोडा फिरवत दोन्ही पातळ्या समोरासमोर आणायच्या. मधेच जरा रेस देऊन सोडायची, पुन्हा बघायचं. ऑइल नाचत असेल तर मेडिकलमधून सलाइनचा सेट आणा. त्याची ती चाकाची क्लिप नळीवर चढवून नळी थोडी दाबली की नाच थांबतो. पूर्ण दाबू नका, नाहीतर पातळी स्थिर दिसेल पण खोटी.

एक हिशेब सांगतो, कारण लोक उगाच मिलिमीटरसाठी भांडत बसतात. कावासाकी दोन सिलिंडरमध्ये २ सेंटिमीटर पाऱ्यापर्यंत फरक चालवून घेते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे तेच पाण्यात २७ सेंटिमीटर आणि ऑइलमध्ये ३० च्या आसपास. तुमच्या नळीत बोटभर फरक उरला असेल तर कंपनीच्या गेजपेक्षा तुम्ही बारीक काम केलंय. पाना खाली ठेवा आणि चहा घ्या.

टाकी उतरवून काम करावं लागतं, तेव्हा पेट्रोलची बाहेरची छोटी बाटली उंचावर नीट बांधा, गरम सायलेन्सरपासून लांब. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.


सातपूर_टूलरूम

आलो. इंदिरानगरवाल्याने नळीचं लिहिलंय ते बरोबर आहे, आणि नेमकं त्याच कारणाने ते तुझ्या कामाचं नाही. तुझ्या मॅनिफोल्डला नळी अडकवायला निपल आहे का, एकदा वाकून बघ. आणि भोक पाडून बसवलास तरी टू स्ट्रोकमध्ये रीड व्हॉल्व्हमागे दाब सारखा धडधडत असतो, फोर स्ट्रोकसारखी स्थिर ओढ मिळत नाही. आरडीत सिंक म्हणजे दोन स्लाइड (ग्रिप पिळली की वर उठून हवेची वाट उघडणारे कार्बोरेटरमधले दट्टे) एकाच उंचीवर बसणं आणि एकाच क्षणी उठणं. हे सरळ मापाचं काम आहे. ड्रिल बिटचा डबा आहे म्हणालास ना? झालं तर मग. नळी घरात लेव्हल बघायला ठेव.

पण थांब. डावा काळा आणि उजवा पांढरट ही सिंकची तक्रार नाही. सिंक बिघडलं तर गाडी गचके देईल, स्लो खालीवर होईल, पण दोन प्लगांचे रंग इतके लांब जाणार नाहीत. मला वाटतं तुझ्या उजव्या सिलिंडरला कुठून तरी फालतू हवा लागतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. तो स्लोला काम करेना म्हणून गॅरेजवाल्याने डाव्याची स्लाइड वर घेतली आणि एअर स्क्रू आत दाबला. आता एकटा डावा गाडी ओढतोय. अशा इंजिनावर सिंक करणं म्हणजे लंगड्या बैलाच्या मापाने जू कापणं. सिंक सगळ्यात शेवटी. हयात टूलरूममध्ये गेली, एक गोष्ट पक्की सांगतो: मोजायच्या आधी जॉब साफ करायचा.

तेव्हा क्रम असा लाव.

आधी पॉइंट, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे संपर्क. आरडीला डाव्या कव्हरखाली पॉइंटचे दोन सेट आहेत, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. एकाचं टायमिंग बरोबर म्हणून दुसऱ्याचं असेलच असं नाही. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, फिलर गेजने. मग टायमिंग दोन्हीकडचं वेगवेगळं बघ. प्लगच्या भोकात डायल गेज लावायचा आणि पॉइंट उघडतो तो क्षण मल्टिमीटरवर पकडायचा. गेज नसेल तर कुणाकडून तरी माग, स्क्रू ड्रायव्हर घालून अंदाज घेऊ नकोस. प्लग डावीकडचा उजवीकडे लावून बघ. काळेपणा प्लगाबरोबर गेला तर प्लगच खराब, जागेवर राहिला तर पुढे चल.

मग दोन्ही कार्बोरेटर खाली. इतकी वर्षं उभी होती म्हणजे पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोकाचं जेट) बंद असणारच, पेट्रोल सुकून त्यात राळ धरते. आत टाचणी किंवा तार घालू नकोस. जेट पितळेचं असतं, भोक मोठं झालं तर कायमचं वाया. क्लीनरमध्ये भिजत घाल, ब्रशचा नायलॉनचा केस फिरव, उजेडाकडे धरून बघ. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. दोन्हीकडच्या जेटांवरचे नंबर वाच, सारखे आहेत का. सुईची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत आहे का. फ्लोटची उंची व्हर्नियरच्या शेपटीने मोज, दोन्हीकडे सारखी हवी. मागच्या मालकाने एकाच बाजूची वस्तू बदललेली असते आणि आपण महिनोन्‌महिने स्क्रू फिरवत बसतो.

आता तुझ्या गाडीतली खरी मेख. चोकचा दांडा फक्त डाव्या कार्बोरेटरवर आहे, बरोबर? उजव्याला चोक मिळतो तो दोघांना जोडणाऱ्या बारीक नळीतून. करंगळीपेक्षाही बारीक असते, मागे दडलेली, कुणी तिच्याकडे बघत नाही. ती कडक होऊन टोकाला चिरली की तिथून हवा आत जाते, चोक बंद असला तरीही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुनं रबर तसंही टिकत नाही. ती नळी आधी काढून वाकवून बघ. तिच्यासोबत मॅनिफोल्डचे रबर, त्यांचे क्लॅम्प, आणि डाव्या बाजूचं क्रँक सील. ते सील गेलं तर रेस सोडल्यावरही इंजिन वरच घुटमळतं. उजव्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून उजवा प्लग ओला आणि पांढरा धूर. तुझा उजवा कोरडा पांढरट आहे, तेव्हा निदान ते तरी वाचलं असावं.

इतकं झालं की सिंक. हे मात्र सावकाश वाच.

एअर बॉक्सचे रबर काढ, दोन्ही कार्बोरेटरची तोंडं मागून उघडी दिसली पाहिजेत. वरचे केबल अॅडजस्टर आत फिरवून दोन्ही केबल सैल सोड. हे केलं नाहीस तर स्लाइड स्क्रूवर बसणारच नाही, केबलला लटकत राहील, आणि तू स्लोचा स्क्रू कितीही फिरव, काही होणार नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

दीड मिलिमीटरचे दोन बिट घे, एकाच मापाचे, आणि त्यांची गुळगुळीत शँक वापर, पिळाचा भाग नको. प्रत्येकाला दोरा बांध, म्हणजे हातून सुटला तर ओढता येईल. शँक स्लाइडखाली घालताना ती पार पुढच्या काठापर्यंत गेली पाहिजे. स्लाइडची मागची, म्हणजे एअर फिल्टरकडची, बाजू तिरकी कापलेली असते, इंजिनाकडची कड सगळ्यात खाली असते. शँक कापलेल्या भागाखालीच राहिली तर माप चुकलं. स्लोचा स्क्रू असा लाव की शँक ओढताना हाताला जेमतेम लागेल, फिलर गेज लागतो तशी. डावीकडे आणि उजवीकडे ओढ सारखी लागली पाहिजे. बोटांना हे कळतं, डोळ्यांना नाही.

मग तीन मिलिमीटरचे दोन बिट, लांबीला अगदी सारखे. दोन्ही स्लाइडखाली असे घाल की शेपट्या तोंडाबाहेर सारख्याच डोकावतील. स्प्रिंगच्या दाबाने ते धरले जातात. आता अॅडजस्टर बाहेर काढत केबलची ढिलाई कमी कर, पण मिलिमीटरभर खेळ राहू दे. ग्रिप एकदम हळू पिळ, आणि शेपट्यांकडे बघ. दोन्ही एकाच क्षणी खाली झुकल्या पाहिजेत. डावी आधी झुकली तर डावी केबल जास्त ताणलेली आहे, ती थोडी सैल कर. पुन्हा पिळ. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवूनही बघ, कारण केबल कुठे अडकत असेल तर तिथेच सापडते. शेवटी बिट काढून दोन बोटं दोन तोंडांत घाल आणि ग्रिप पिळ, दोन्ही स्लाइड बोटांवरून एकदमच उठल्यासारख्या वाटतात का बघ. बोटं खाडकन सुटणाऱ्या स्लाइडखाली येऊ देऊ नकोस.

इंजिन गरम झाल्यावर एअर स्क्रू. तुझ्या मिकुनीचा स्क्रू हवेचा आहे: आत घेतला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा. निन्जाच्या केहिनमध्ये स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो मिश्रणाचा, म्हणून तिथे उलटं. व्हिडिओ बघताना कुठली गाडी आहे ते आधी बघत जा. दोन्हीकडे मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर ठेव आणि मग पाव फेऱ्याने पुढे-मागे करून जिथे इंजिन सगळ्यात मोकळं फिरतं तिथे थांब. दोन्ही सायलेन्सरमागे तळवा धरून बघ, फुंकर सारखी आणि नियमित आली पाहिजे. एका बाजूची वायर काढून तपासायचं असेल तर टोपीत जुना प्लग घालून तो इंजिनाला टेकव, नाहीतर कॉइल जाईल.


येवला_टू_स्ट्रोक

काकांचं सगळं पटलं. फक्त एक भर: तो ऑइल पंप काढून टाक आणि टाकीतच ऑइल मिसळ. एक केबल कमी, एक डोकेदुखी कमी. माझ्या माहितीतल्या निम्म्या आरडी तशाच चालतात.


सातपूर_टूलरूम

चालतात, आणि कसाऱ्याच्या घाटात पिस्टनही धरतात, म्हणजे ऑइलवाचून सिलिंडरमध्ये अडकून बसतात. उतारावर अॅक्सिलरेटर बंद, पेट्रोल जेमतेम जातंय, पण गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन चार-पाच हजारांवर फिरतंय. टाकीत मिसळलेलं ऑइल पेट्रोलबरोबरच येणार, म्हणजे नेमकं तेव्हाच कमी. पंप क्रँकवर चालतो, ग्रिप बंद असली तरी फेऱ्यांच्या हिशेबाने थोडं तरी देत राहतो. यामाहाने १९६०च्या दशकात उगाच बसवला नव्हता. खराब झाला असेल तर काढा, धडधाकट असताना काढून बाजूला ठेवणं मला पटत नाही. ज्याची त्याची मर्जी.


गंगापूर_रोड_३५०

काका, आधी तर साष्टांग नमस्कार. तुमच्या क्रमाने गेलो. पॉइंटची गॅप उजवीकडे फार कमी होती, ती ठीक केली. डायल गेज अंबडला कामाला असलेल्या मित्राने आणून दिला, टायमिंग दोन्हीकडचं जुळवलं. उजव्याचं पायलट जेट खरंच बंद होतं, उजेडाकडे धरल्यावर काहीच दिसेना.

आणि ती नळी! वाकवल्याबरोबर उजव्या टोकाला फट उघडली. बाहेरून बघताना अजिबात कळत नव्हतं, कारण चीर वरच्या अंगाला कार्बोरेटरकडे तोंड करून होती. पेट्रोलला चालणारी नवी नळी लावली आणि सिंक करायच्या आधीच गाडी स्लोला टिकली. डाव्याचा स्लोचा स्क्रू खरोखरच उजव्यापेक्षा कितीतरी आत होता, तुम्ही म्हणालात तसाच.

मग ड्रिल बिट. पहिल्यांदा डावी शेपटी बरीच आधी झुकत होती. अॅडजस्टर फिरवून जुळवलं, पण हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की पुन्हा डावी पुढे. शेवटी सापडलं, टाकीखाली केबल फ्रेमच्या नळीला घासून वाकत होती. ती वरून घेतली. त्र्यंबक रोडला जाऊन आलो, अडीच हजारांवर तिसऱ्यात गचका नाही. प्लग दोन्हीकडे चहाच्या रंगाचे, डावा अजून किंचित गडद.

दोन शंका. एक, सकाळी थंडीत चोक काढल्यावर मिनिटभर स्लो जरा खाली बसतो, तो स्क्रू वाढवू का? दोन, आता धूर आधीपेक्षा थोडा जास्त वाटतोय. डाव्याचा एअर स्क्रू अजून बाहेर काढू का?


सातपूर_टूलरूम

छान. फ्रेमला घासणारी केबल सापडली ते विशेष, ती सहसा सापडत नाही.

थंडीसाठी स्लो वाढवू नकोस. नाशिकच्या डिसेंबरमधल्या सकाळी सेट केलेला स्लो मार्चच्या दुपारी ओरडायला लागतो. इंजिन गरम होऊ दे, मिनिटभर ग्रिप धर.

धुराचं वेगळं आहे, एअर स्क्रूला हात लावू नकोस. कार्बोरेटरच्या दोन केबल आणि पंपाची केबल एकाच जोडणीतून निघतात. तू वरचे अॅडजस्टर हलवलेस, केबलची वाटही बदललीस, म्हणजे पंपाचं माप सरकलं. आता ग्रिपच्या मानाने पंप जास्त उघडतोय. पंपाचं कव्हर काढ, पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ठिकाणी जुळतेय का बघ, आणि पंपाचा स्वतःचा अॅडजस्टर फिरवून जुळव. तुझं नशीब की माप जास्तीकडे सरकलं, उलटं झालं असतं तर धूर दिसला नसता आणि पिस्टन धरला असता. यापुढे वरच्या केबलला हात लागला की पंपाची खूण बघायचीच.

ते झाल्यावर दोन्ही प्लग पुसून पाच-सहा किलोमीटर एकाच वेगाने चालव, मग इंजिन बंद करून, क्लच दाबून थांब आणि तिथेच प्लग उघडून बघ. घरापर्यंत स्लोवर रांगत आणलीस तर डावा पुन्हा काळाच दिसेल.


गंगापूर_रोड_३५०

पंपाची खूण खरंच पुढे गेली होती. जुळवली. धूर पूर्वीइतकाच, दोन्ही प्लग सारखे. ती लेव्हलची नळी इंदिरानगरवाल्या भाऊंना हवी असेल तर घेऊन जा, न वापरलेली आहे.


इंदिरानगर_ट्विन

येतो रविवारी. पण एक चक्कर मारायला द्यावी लागेल.